लॉग होम आणि पॉटरी स्टुडिओ : फुल स्क्राइब, मिल्ड किट की पोस्ट अँड बीम?

मातीकाम_बीसी

नमस्कार मंडळी. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात (बीसी) सॅमन आर्मजवळ, शुस्वाप लेकच्या वरच्या अंगाला पाच एकर जागा घेतलीय. उतार आहे, बोअर मारून झालीय, पाणी चांगलं लागलंय, सेप्टिकचं काम उन्हाळ्यात होईल. आता घर. साधारण दीड हजार स्क्वेअर फूट, वर लॉफ्ट, आणि त्याला जोडून किंवा शेजारी माझा पाचशे फुटांचा पॉटरी स्टुडिओ. नवऱ्याला इथे आल्यापासून एकच ध्यास लागलाय, गोल ओंडक्यांचं घर, कोपऱ्यात टोकं बाहेर आलेली, आत मोठी लाकडाची शेगडी, बस. मला घर कसंही चालेल पण स्टुडिओ नीट हवाय, कारण तो माझा धंदा आहे, हौस नाही.

तीन कोटेशनं हातात आहेत.

अ) फुल स्क्राइब, म्हणजे प्रत्येक ओंडका खालच्याच्या आकाराप्रमाणे हाताने कोरून बसवलेला. १२ ते १४ इंची डग्लस फर, ओलं लाकूड. त्यांच्याच यार्डात आख्खं घर उभं करणार, नंबर टाकून परत सोडवणार, ट्रकने आणून क्रेनने आमच्या पायावर रचणार.
ब) मिल्ड किट. ८ इंची डी-लॉग, बाहेरून गोल आतून सपाट, भट्टीत वाळवलेले, खाच आणि जीभ पाडून येतात. सेल्समन म्हणाला हे बसत, म्हणजे वाळून भिंत खाली येत वगैरे नाही.
क) पोस्ट अँड बीम. लॉगचे खांब आणि तुळया, मधल्या भिंती नेहमीच्या फ्रेमिंगच्या, म्हणजे बारीक लाकडी चौकटी आणि मध्ये इन्सुलेशन.

तिघंही म्हणतात आमचीच पद्धत बेस्ट, आणि तिघांचं बोलणं ऐकताना त्या त्या वेळी पटतं पण. सासूसासरे सांगलीहून येऊन मोठा मुक्काम करणार, हिवाळाही गाठणार, तेव्हा घर गरम राहायला हवं. घर आणि स्टुडिओ एकाच पद्धतीचं करावं का? आणि हे भिंत बसणं म्हणजे नक्की किती मोठं प्रकरण आहे? इंटरनेटवर एक जण म्हणतो काही नसतं, दुसरा म्हणतो दारं उघडेनाशी होतात.

सदाशिव_पेठी_शंका

लाकडाचं घर म्हणजे वाळवीला आमंत्रण ना? की तिकडच्या वाळवीला थंडी वाजते?

ओळंबा

कॅमलूप्सला ड्रॉइंग आणि स्ट्रक्चरची कामं करतो, त्यात लॉगची बरीच असतात, म्हणून सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

तिन्ही कोटेशनांतली किंमत घटकाभर बाजूला ठेवा आणि प्रत्येकाला एकच विचारा, या घरात काय काय खाली येणार आणि काय काय आहे तिथेच राहणार. लाकूड वाळताना आडव्या अंगाने आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ओंडके एकावर एक आडवे रचले की प्रत्येक ओंडका थोडा बारीक होतो, वरून छपराचं आणि बर्फाचं वजन पडून खाचाही दाबल्या जातात, आणि सगळी भिंत खाली येते. इंटरनॅशनल लॉग बिल्डर्स असोसिएशनच्या स्टँडर्डप्रमाणे ओल्या लाकडाला दर फुटाला पाऊण इंच धरायचं, म्हणजे ६ टक्के. तुमची भिंत ९ फुटी असेल तर पावणेसात इंच झाले की ताई. हे एका रात्रीत होत नाही, पहिली काही वर्षं हळूहळू चालू राहतं, पण होतंच. ओलावा १९ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळलेलं लाकूड असेल तर निम्मं धरतात. निम्मं म्हणजे शून्य नव्हे, त्यामुळे ब वाल्याला सांगा की "बसत नाही" हे लेटरहेडवर लिहून दे. देणार नाही तो.

आता हे पावणेसात इंच कुठे कुठे भेटतात ते बघा. ७ फुटी दाराच्या चौकटीवर सव्वापाच इंच पोकळी सोडायची, त्यात दाबली जाईल अशी इन्सुलेशनची लोकर भरायची आणि वरून पट्टी, ती पट्टी फक्त वरच्या ओंडक्याला ठोकायची, चौकटीला नाही. चौकट भिंतीला खिळ्यांनी पक्की करायची नाही, ओंडक्यांच्या टोकांना उभी खाच मारून त्यात पट्टी सरकती ठेवायची म्हणजे भिंत चौकटीवरून घसरत खाली येते. जिना वर पक्का आणि खाली सरकता. आतल्या फ्रेमिंगच्या भिंतींना वर फट. बाथरूममध्ये टाइल लावायची भिंत लॉगपासून सुटी. किचनची वरची कपाटं एकाच ओंडक्यावर टांगायची, दोन ओंडक्यांना स्क्रू मारले की एकतर स्क्रू वाकतो नाहीतर कपाट. शेगडीचा धुराडा, फोडणीचा धूर नेणारा हूडचा पाइप, टॉयलेटचा व्हेंट, हे सगळे छपरातून वर जातात आणि छप्पर खाली येतंय, तेव्हा तिथे एकात एक सरकणारे जोड आणि छपरावरचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी अडवणारा पत्रा, दोन थरांचं.

आणि खांब. मधला खांब उभा असतो म्हणून तो आखूड होत नाही. चारी भिंती खाली आल्या आणि खांब तिथेच राहिला तर लॉफ्टच्या जमिनीला मधोमध उंचवटा येणार. म्हणून खांबाखाली स्क्रू जॅक बसवतात, जाड आट्यांचा बोल्ट, वरखाली लोखंडी प्लेट. पाना घेऊन अधूनमधून थोडा थोडा उतरवायचा. त्याच्यापुढचं झाकण काढता येईल असंच ठेवा, एका घरात मी जॅकच्या भोवती हौसेने दगडी टाइल चिकटवून बंद केलेलं बघितलंय, मालकाला जॅक आहे हेच माहीत नव्हतं, घर दुसऱ्याकडून घेतलेलं.

हे सगळं नीट केलं तर फुल स्क्राइबसारखं घर नाही. चांगल्या कारागिराच्या कामात वरच्या ओंडक्याच्या पोटात खालच्याच्या पाठीप्रमाणे लांब खाच कोरलेली असते, त्यामुळे पाणी थांबत नाही, आणि ओंडक्याच्या पाठीवर मुद्दाम करवतीचा काप देतात म्हणजे वाळताना भेग तिथेच जाते, बाहेरच्या तोंडावर नाही. अ वाल्याच्या यार्डात जाल तेव्हा हा काप बघा. कोपऱ्यातल्या खाचेत कार्ड घालून बघा, सरकतंय का. सालीखालचा पीळ कुठल्या दिशेला आहे ते बघा, डावीकडे जास्त पीळ असलेले ओंडके वाळताना फिरतात, ते भिंतीत वर कुठे लावलेत का विचारा. लाकूड हिवाळ्यात तोडलेलं का, तेही. हे प्रश्न विचारल्यावर जो खूश होतो तो बिल्डर चांगला, जो वैतागतो तो सोडा.

क बद्दल वेगळं लिहितो, जेवण वाढलंय.

मातीकाम_बीसी

बापरे. हुडच्या पाइपचं कोणीच बोललं नव्हतं.

शंकासाहेब, इथे सुतारमुंग्या असतात, कार्पेंटर अँट. लाकूड खात नाहीत, पोखरून घरटं करतात, ओलं कुजकं लाकूड जास्त आवडतं.

हॅलिबर्टनचा_हणम्या

मी ऑन्टारियोत हॅलिबर्टनकडे मिल्ड किटच्या घरात राहतो, ८ इंचीच, पाइनचं, त्यामुळे ब बद्दल बोलायचा हक्क आहे मला. घर दिसायला झकास आहे, येणारा प्रत्येक जण भिंतीवरून हात फिरवतो, पण बायको मात्र जानेवारीत सोफा भिंतीपासून लांब ओढते. ८ इंच लाकूड म्हणजे इन्सुलेशन साधारण आर-१० (आर जितका जास्त तितकी भिंत उष्णता जास्त अडवते), जरा वरखाली, इंचाला सव्वा ते दीडच्या आत धरा, आणि शेजाऱ्याच्या साध्या दोन-बाय-सहाच्या भिंतीत आर-२०, २२ ची लोकर असते, म्हणजे त्याची भिंत पातळ आणि बिल कमी. आम्हाला विकताना सांगितलं होतं की लाकूड उष्णता साठवतं त्यामुळे आकडे बघू नका. साठवतं की, पण त्याचा उपयोग दिवसा ऊन रात्री गार अशा हवेत, इकडे आठवडाभर पारा शून्याच्या वर येत नाही तेव्हा साठवणार काय डोंबल.

भिंतीपेक्षाही वारा वाईट. खाच-जीभ आणि मध्ये फोमची पट्टी असते, पहिल्या वर्षी घट्ट, मग लाकूड वाळलं की कोपऱ्यातून, खिडकीच्या बाजूने, छप्पर आणि भिंत मिळते तिथून बारीक झुळूक. ब्लोअर डोअर टेस्ट, म्हणजे दारात मोठा पंखा लावून हवेची गळती मोजायची चाचणी, केली तेव्हा उदबत्ती घेऊन फिरलो, सगळ्यात जास्त धूर छपराच्या कडेला हलला. ते सगळं नंतर लवचीक सीलंटने भरून घेतलं, आता बरंय.

किट म्हटल्यावर घर येतं असं वाटतं. येतात भिंती. छपराचं इन्सुलेशन, वायरिंगसाठी ओंडक्यातून भोकं पाडायची मजुरी, क्रेन, खिडक्यांच्या लाकडी चौकटी (बक), लाकडाला बाहेरून द्यायचा स्टेन, हे यादीत कुठे आहे ते एकेक ओळ वाचा. आमच्या विक्रेत्याने नंतर एकेक गोष्ट "एक्स्ट्रा" करून लावली आणि फोन उचलणं बंद केलं, पावसात ओंडक्यांचे गठ्ठे ताडपत्रीखाली आणि आम्ही त्याला मेल करतोय अशी परिस्थिती.

स्टेनचं पण ऐका. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती ऊन खातात, तिथे दर थोड्या वर्षांनी परत द्यावा लागतो, उत्तरेला बराच टिकतो. छप्पर बाहेर भरपूर काढा, तीन फूट तरी, आणि खालचा ओंडका जमिनीपासून दीड फूट वर ठेवा, पागोळ्यांचं पाणी उडून खालच्या दोन ओळी सतत भिजतात तिथूनच कूज सुरू होते. वर बोरेटचा हात मारा स्टेनच्या आधी, बुरशी आणि मुंग्या दोन्हीला चालतं, पण ते पाण्यात विरघळतं म्हणून वरून स्टेन हवाच.

एवढं बोलून पण घर विकायचं म्हटलं तर मी विकणार नाही, हे पण खरं.

भट्टीवाली

मी स्टुडिओपुरतंच बोलते, कारण घराचं मला कळत नाही आणि इथे सगळे नवऱ्याच्या स्वप्नावर चर्चा करतायत, हिच्या धंद्यावर कोणीच नाही.

स्टुडिओ लॉगचा करू नकोस. मुद्दा धुळीचा आहे. वाळलेल्या मातीची धूळ म्हणजे सिलिका, फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. म्हणून आपण झाडू मारत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. गोल ओंडक्यांच्या भिंतीला दर फूटभरावर एक आडवी फळी असल्यासारखी जागा तयार होते, वर भेगा, वर खाचा. ती भिंत तू रोज ओल्या फडक्याने पुसणार? आणि लाकूड रोज ओलं करणार? स्टुडिओच्या भिंती गुळगुळीत, धुता येणाऱ्या, कोपरे कमी, शेल्फ बंद.

दुसरं पाणी. मळलेल्या मातीत वजनाच्या पाचवा हिस्सा तरी पाणीच असतं. हिवाळ्यात दारंखिडक्या बंद, रॅकवर दोनशे किलो माल वाळतोय, म्हणजे चाळीस लिटर पाणी खोलीच्या हवेत जाणार. ते ओढून बाहेर टाकायला एचआरव्ही, म्हणजे उष्णता राखून हवा बदलणारं यंत्र, हवा, नाहीतर खिडक्यांवरून ओघळ.

तिसरं भट्टी. कोन ६ (भाजणीच्या तापमानाची एक पायरी) ला भट्टी १२२० अंशांच्या आसपास जाते. जळणाऱ्या भिंतीपासून दीड फूट तरी लांब, नेमकं अंतर तुझ्या भट्टीच्या मॅन्युअलमधलं, आणि इन्शुरन्सवाला ते मॅन्युअल मागतो. ४८ अँपिअरची भट्टी असेल तर २४० व्होल्ट, ६० चा ब्रेकर, वायर त्या मापाची. हे आत्ताच इलेक्ट्रिशियनला सांग म्हणजे घरचं पॅनल त्या हिशोबाने घेता येईल. भट्टी वेगळ्या छोट्या खोलीत ठेवली तर सोन्याहून पिवळं, धूर आणि वास चाकापाशी येत नाही.

जमीन काँक्रीटचीच. खाली जाड फोम, आत गरम पाण्याचे पाइप. मातीच्या पोत्यांचं, भट्टीचं, पगमिलचं (माती मळायच्या यंत्राचं) वजन लाकडी जमिनीवर टाकू नकोस. आणि सिंकखाली मातीचा ट्रॅप, माती सेप्टिकमध्ये गेली तर त्या टाकीचं काय होईल ते तूच बघ. रात्री हीटिंग बंद पडलं आणि ग्लेझच्या बादल्या गोठल्या तर काही ग्लेझ परत जुळून येत नाहीत, हे ज्याच्यावर बेतलंय त्यालाच कळतं.

म्हणून साधी फ्रेमिंगची चौकोनी खोली. बाहेरून हवं तर लॉग सायडिंग मार, नवरा खूश.

कडीपाट

फार सुंदर चर्चा. मी वाईचा, जुन्या वाड्यात वाढलो, आता पुण्यात असतो, लॉग होम फक्त फोटोत बघितलंय. पण क वाचून वाटलं हे तर आपल्या वाड्याचंच. खांब, तुळई, कडीपाट हे सगळं वजन घेतं आणि मधल्या विटांच्या भिंती नुसत्या भरलेल्या. म्हणून तर वाड्याची भिंत पडली तरी खण उभा राहतो. खांबाखाली दगडी तळखडा असायचा, लाकूड जमिनीला टेकू द्यायचे नाहीत, ते दीड फुटाचं वर कोणी लिहिलंय त्याच कारणाने.

हिमाचलात काठकुणी म्हणून पद्धत आहे, देवदारच्या आडव्या तुळया आणि दगड एकावर एक थर, कोपऱ्यात तुळया एकमेकींत अडकवलेल्या. भूकंपात ती घरं टिकतात. ते सॅमन आर्मला उपयोगाचं नाही, अवांतर झालं, पण कोणाला रस असेल तर मनालीच्या बाजूला नग्गरचा किल्ला बघा.

आपल्या कोकणात असं ओंडक्याचं घर होईल का? मुलगा विचारत होता.

ओळंबा

कडीपाट, वाड्याची उपमा चोख. कोकणात नको. एवढ्या पावसात आणि दमटपणात ओंडक्याची बाहेरची भिंत सांभाळणं म्हणजे नोकरी होईल, वर वाळवी. तिथे चिरा आहे, वर लाकडी छप्पर घाला, झकास.

ताई, आता क. भट्टीवाली यांच्या प्रत्येक शब्दाला माझा पाठिंबा, स्टुडिओ साधा फ्रेमिंगचा, विषय संपला. राहिलं घर.

पोस्ट अँड बीममध्ये वजन उभ्या खांबांवर, त्यामुळे खाली येणं नगण्य, तुळईच्या जाडीपुरतं काय ते. दारं, जिने, पाइप नेहमीसारखे. पण याचीही एक खोड आहे जी कोटेशनमध्ये लिहिलेली नसते. १२ इंची ओला खांब वाळताना जाडीत अर्धा इंचाच्या आसपास आकसतो. खांबांच्या मधोमध भिंत भरली असेल तर प्रत्येक खांबाच्या दोन्ही बाजूंना उभी फट, आणि गोल खांबाला तर भेगाही पडतात, त्या आतून बाहेर वारा नेतात. म्हणून माझं सांगणं, भिंत खांबांच्या मध्ये भरायचीच नाही, खांबांच्या बाहेरून गुंडाळायची. सगळा लाकडी सांगाडा आत, उबेत, आणि त्याच्याबाहेर सलग इन्सुलेशनची भिंत, फ्रेमिंगची किंवा सिप पॅनलची (दोन फळ्यांमध्ये फोम असलेलं तयार पॅनल). आतून तुम्हाला गोल खांब, तुळया, छपराचे ट्रस सगळं दिसतं, बाहेरचं लाकूड उन्हापावसात नाही म्हणजे स्टेनची कटकट जवळपास संपली. बाहेरून मात्र कोपऱ्यातली ती टोकं दिसणार नाहीत. तो वाद तुमच्या घरातला, मी पडत नाही.

एनर्जीचं म्हणाल तर बीसीत मे २०२३ पासून बहुतेक नवीन घरं आधीच्यापेक्षा २० टक्के जास्त काटकसरी असावी लागतात, एनर्जी अ‍ॅडव्हायझर कॉम्प्युटरवर मॉडेल करतो आणि शेवटी ब्लोअर डोअर टेस्ट होते. गोल ओंडक्यांची भिंत असेल तर भिंतीतली तूट छपरात, तळात, खिडक्यांत आणि हीट पंपात भरून काढायची, म्हणजे पैसे तिकडे जातात. अ घ्यायचं ठरवलंत तर ऑर्डर देण्याआधी मॉडेल करून घ्या, नंतर नाही. आणि तिन्ही पद्धतींत लॉगच्या कामाला स्ट्रक्चरल इंजिनियरचा शिक्का लागणार हे धरून चाला, ओंडके नेहमीच्या लाकडाच्या तक्त्यात बसत नाहीत.

आणखी दोन गोष्टी ज्या लोकांना उशिरा कळतात. एक, बँक. कन्स्ट्रक्शन लोनचे हप्ते जागेवर जेवढं उभं राहिलं त्यावर मिळतात. फुल स्क्राइबचं घर महिनोन्महिने बिल्डरच्या यार्डात असतं, त्याला पैसे तेव्हा हवेत, आणि तुमच्या जागेवर तर नुसता पाया. मधला पैसा तुमच्या खिशातला. आधी बँकेशी बोला, आणि करारात लिहून घ्या की पैसे दिले तेवढे ओंडके तुमच्या मालकीचे, नंबरासकट.

दोन, आग. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शुस्वापच्या उत्तर किनाऱ्यावर वणव्याने काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. जाड ओंडका सहज पेटत नाही, वरचा थर कोळसा होतो आणि आतलं लाकूड वाचतं, मिनिटाला जेमतेम ०.६५ मिलिमीटर, त्यामुळे लॉग म्हणून घाबरू नका. घरं पेटतात ती उडत आलेल्या ठिणग्यांनी, पन्हाळीतल्या वाळक्या पानांत नाहीतर डेकखालच्या कचऱ्यात. पत्र्याचं छप्पर, व्हेंटना बारीक जाळी, आणि घराभोवती दीड मीटर पट्ट्यात खडी सोडून काहीही नाही, सरपण तर नाहीच नाही. इन्शुरन्सवाला फायर हॉल (अग्निशमन केंद्र) किती किलोमीटरवर ते विचारेल, शेगडीची वेट (WETT) तपासणी, म्हणजे लाकडाच्या शेगडीची सुरक्षा तपासणी, मागेल, हे कोटेशनच्या आधी विचारून ठेवा. आमच्याकडे एकांची फाइल फक्त शेगडीच्या कागदासाठी अडली होती.

मातीकाम_बीसी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नवऱ्याला हा धागा आख्खा वाचून दाखवला. पावणेसात इंचांपर्यंत तो ठाम होता, बँकेच्या परिच्छेदाला गप्प झाला.

सध्या आमचं असं चाललंय की आधी लगीन स्टुडिओचं. स्टुडिओ या वर्षी, फ्रेमिंगचा, काँक्रीटची जमीन, भट्टीला वेगळी खोली. म्हणजे माझं काम सुरू होईल आणि परमिट, इन्स्पेक्टर, इलेक्ट्रिशियन या सगळ्यांशी ओळख होईल. घर पुढच्या वर्षी, क पद्धतीने, भिंत बाहेरून गुंडाळून. नवऱ्याची एकच अट, पुढचा पोर्च मात्र पूर्ण गोल ओंडक्यांचा, जाड खांब, कोरलेली तुळई, आणि खर्च वाचवायला तो वगळायचा नाही. मला चालेल.

मालक-बिल्डर म्हणून स्वतः करावं असाही विचार आहे. त्याचा काही अनुभव? आणि घर ते स्टुडिओ झाकलेला रस्ता हवाय, १५ फूट अंतर आहे, बर्फात मातीची भांडी घेऊन जायची आहेत. तो कसा जोडायचा?

हॅलिबर्टनचा_हणम्या

पोर्चच्या खांबांखाली पण जॅक सांगा, आणि खांबाचं बूड काँक्रीटवर थेट नको, लोखंडी बैठकीवर उचलून. पोर्चवाले सगळे तिथेच कुजतात.

ओळंबा

हणम्या, बूड उचलायचं बरोबर, जॅक मात्र इथे नको. मुख्य सांगाडा खाली येत नाहीये तर पोर्चच्या उभ्या खांबांना जॅक लागत नाही. अ घेतलं असतं तर लागला असता, कारण छपराची आतली बाजू भिंतीबरोबर उतरली असती आणि पोर्चची बाजू तशीच राहिली असती.

मालक-बिल्डर व्हायचं तर बीसी हाउसिंगची (प्रांताची घरबांधणी संस्था) परवानगी लागते आणि त्यासाठी परीक्षा असते, २०१६ पासून. अवघड नाही, वाचून द्या. राहायला गेल्यावर पहिलं वर्ष घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, आणि पुढे १० वर्षांच्या आत विकलंत तर दोषांची जबाबदारी तुमच्यावर राहते. सासरे सांगलीत घर बांधून बसलेले असतील तर त्यांना साइटवर खुर्ची टाकून द्या, पण परीक्षा तुम्हीच द्या.

झाकलेला रस्ता दोन्ही इमारतींपासून सुटा करा. स्वतःचे चार-सहा खांब, स्वतःचे पाये, स्वतःचं छप्पर, आणि दोन्ही टोकांना भिंतीत आणि छपरात थोडी फट, वरून फ्लॅशिंग असं की एक बाजू भिंतीला आणि दुसरी नुसती वरून आलेली. स्टुडिओचा पाया एका वर्षी पडलेला, घराचा दुसऱ्या वर्षी, उताराची जागा, दोन्ही जरा वेगवेगळे हलणारच. जोडून टाकलंत तर तडा कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बर्फ. घराचं छप्पर उंच आणि पत्र्याचं, रस्त्याचं छप्पर खाली. वरचा सगळा बर्फ एका दुपारी घसरून खाली येतो आणि त्यावर वाऱ्याने साचलेला वेगळा. नुसता तालुक्याचा नेहमीचा स्नो लोड (बर्फाचं वजन) धरून त्या छोट्या छपराची मापं काढली तर कमी पडतील, इंजिनियरला सांगा की घसरणारा आणि साचणारा दोन्ही धरून काढा. जमलं तर घराचा उतारच रस्त्याच्या बाजूला येऊ देऊ नका, त्या बाजूला त्रिकोणी गेबल भिंत आली पाहिजे. आत्ता ड्रॉइंगवर फिरवणं फुकट आहे. नकाशा टाका इथे, नाव-पत्ता पुसून, बघतो.

भट्टीवाली

रस्त्याची रुंदी पाच फुटांपेक्षा कमी करू नकोस, दोन्ही हातांत फळी धरून चालायचंय. आणि दोन्ही टोकांची दारं बाहेरच्या बाजूला नको, आत उघडणारी. बर्फ साचला की बाहेर उघडणारं दार उघडतच नाही. उंबरा पण नको, ट्रॉली अडते.

मातीकाम_बीसी

गेबल फिरवायचं नवऱ्याला आत्ताच सांगितलं, तो म्हणतो मग तळं दिसणार नाही लॉफ्टमधून. उद्या दुपारपर्यंत दोन्ही नकाशे टाकते.